प्राणप्रत्यागमन आणि पहिले मिनिट

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, जन्मतः निश्चेष्ट असलेल्या बालकासाठी प्राणप्रत्यागमनाचा विधी आला आहे. कर्णमूलाशी दगडांवर दगड आपटून नाद करणे, मुखावर शीत वा उष्ण जल शिंपडणे, आणि तरीही चेष्टा न दिसल्यास सुपाने वारा घालणे, असा तो क्रम. स्नान, मुखशोधन इत्यादी कर्मे प्राण परतल्यानंतरची. या क्रमाकडे वैद्यबंधूंनी विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते. कारण मूल रडण्यापूर्वीच त्याच्या जिभेवर मध-तूप ठेवण्याची घाई आजही काही घरांतून होते. श्वास नसलेल्या बालकाच्या मुखात काहीही घालू नये. (तान्ह्यांस मध देण्यातील बोट्युलिझमचा धोका हा तर स्वतंत्र लेखाचा विषय.)

नाद व जलस्पर्श हे उत्तेजनच होय. आजही पहिली पायरी तीच. केवळ साधन बदलले. कोरड्या, उबदार वस्त्राने अंग पुसावे, पाठ चोळावी. थंड पाणी मात्र वर्ज्य, कारण ओले नवजात बालक झपाट्याने गारठते. पाय धरून उलटे टांगणेही वर्ज्य. सुपाच्या वाऱ्यामागील हेतू यथार्थ होता, परंतु द्रवाने भरलेल्या फुप्फुसांत हवा दाबानेच पोचवावी लागते. ते कार्य अँबू बॅग व मास्क करतात.

चोळूनही श्वास सुरू न झाल्यास जन्मापासून ६० सेकंदांच्या आत बॅग चालू व्हावी. मान किंचित मागे, मास्क नाका-तोंडावर घट्ट, मिनिटास ४० ते ६० श्वास. छाती उचलली जाते ना, हे पाहावे. पूर्ण दिवसांच्या बालकास आरंभी साधी हवा पुरते. ऑक्सिजनसाठी खोळंबू नये. छाती नीट उचलली जात असताना ३० सेकंदांनंतरही हृदयगती ६० हून कमी राहिली, तरच तीन दाबांस एक श्वास या प्रमाणात छातीवर दाब द्यावा.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, गुदमरलेल्या बालकास श्वास देण्यासह. त्या कार्याचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. २०१४ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिकांवर तर आपले अनेक बी.ए.एम.एस. पदवीधर काम करीत आले आहेत. तेव्हा हे आपले क्षेत्र नव्हे, असे म्हणण्यास जागा उरत नाही.

औषधालयचालकांनी नवजातांसाठीची लहान बॅग आणि ० व १ क्रमांकाचे मास्क संग्रही ठेवावेत. प्रौढांची बॅग येथे घातक ठरू शकते. रबर चिरते, झडप चिकटते. म्हणून तळहाताने तोंड बंद करून बॅग दर महिन्यास दाबून पाहावी.