अपुऱ्या दिवसांचं बाळ : ब्रिटनमध्ये निर्णय कसा होतो?

● बाळ : गर्भधारणेच्या २३ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचं वजन साधारण अर्धा किलो. त्वचा इतकी पातळ की आतल्या शिरा दिसतात. श्वासासाठी घालायच्या नळीचा आतला व्यास जेमतेम अडीच मिलिमीटर.

● २००६ : वैद्यकीय नैतिकतेचा विचार करणाऱ्या ‘नफिल्ड कौन्सिल ऑन बायोएथिक्स’ या संस्थेनं गर्भधारणेच्या आठवड्यांनुसार शिफारशी केल्या. २३ ते २४ आठवड्यांदरम्यान पालकांच्या इच्छेला प्राधान्य, २५ आठवड्यांनंतर अतिदक्षता उपचार.

● २०१९ : ‘ब्रिटिश असोसिएशन ऑफ पेरिनॅटल मेडिसिन’ने केवळ आठवडे न मोजता एकूण जोखीम पाहायला सांगितलं. बाळाचं वजन, मुलगा की मुलगी, एकटं की जुळं, आईला प्रसूतीआधी स्टेरॉइड मिळालं का, हे सारं त्यात येतं.

● जोखीम : २०१९च्या या मार्गदर्शनानुसार मृत्यूची किंवा गंभीर अपंगत्वाची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त असेल, तर सहसा फक्त वेदना कमी करणारी देखभाल. ५० ते ९० टक्के असेल, तर मुख्यतः पालकांचा कौल. त्याहून कमी असेल, तर उपचार.

● महत्त्वाचं : अतिदक्षता उपचार न करणं म्हणजे बाळाला वाऱ्यावर सोडणं नव्हे. ऊब, वेदनाशमन आणि आईवडिलांचा स्पर्श हा प्रत्येक बाळाचा हक्क आहे. हे पालकांना आधीच कळावं म्हणून डॉक्टरांनी त्यांच्याशी प्रसूतीआधी, शक्य तर पुन्हा पुन्हा बोलायला हवं.