सिकलसेलची मुले आणि नवे उपचार

चंद्रपूरकडे कंत्राटी कामगारांत काम करताना आमच्यापुढे तक्रारी येतात त्या बहुधा पगाराच्या, हजेरीच्या, नाहीतर बोनसच्या. दोन वर्षांपूर्वी मालधक्क्यावरचा एक हमाल आला तो मात्र सातबारा घेऊन. म्हणाला, "भाऊ, दोन एकर विकतो, पण पोराले बरं करतो. नवं औषध निघालं म्हणे, एकदा दिलं की सिकलसेल जाते." मुलगा चौदा वर्षांचा. अधिक चौकशी केली तेव्हा कळले की मुलाची रोजची औषधेच चार महिने बंद होती. दवाखान्यात जायचे तर बापाचा खाडा पडे, आणि सलग खाडे झाले की कंत्राटदार नाव कापी.

आम्ही काही डॉक्टर नाही. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि माणसांत झाले. पण त्या बापलेकांबरोबर नागपूरच्या एका विशेष दवाखान्यात तीन खेपा घातल्या, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावले. त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. प्राणवायूची हमाली ते करते. सिकलसेलमध्ये त्याच्या घडणीत एकाच ठिकाणी चूक असते. प्राणवायूचे ओझे उतरले की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांत असह्य कळा येतात, कधी लहान वयात पक्षाघातही होतो. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांत मोडते. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला. आज विदर्भात आणि नंदुरबारकडे आदिवासींत तसाच इतर अनेक समाजांत तो आहे. यात कोणाचे पाप नाही. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निपजण्याची शक्यता चारांत एक.

आता नव्या उपचारांचे मूळ पाहू. १९४८ साली ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या ध्यानात आले की, या मुलांना जन्मानंतरचे पहिले काही महिने त्रास होत नाही. कारण आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते, आणि त्यात हा दोष नसतो. पुढे ते कमी होते आणि आजार उघडा पडतो. मग ते गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवता येईल काय? नवा जनुक-उपचार हेच करतो. मुलाच्याच मूळपेशी काढून, ज्या जनुकाने ते हिमोग्लोबिन बंद केले त्याची कळ प्रयोगशाळेत मोडतात आणि पेशी परत देतात. असा एक उपचार २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मंजूर केला. तिथे जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर. दोन एकरांचा हिशेब इथेच संपला.

पण गंमत अशी की, त्या मुलाची जी कॅप्सूल बंद पडली होती, त्या हायड्रॉक्सीयुरियाचे मुख्य कामही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवणे हेच! वाट एकच, एक जण विमानाने जातो, दुसरा रोज चालत. ही कॅप्सूल रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. ती आजार मुळापासून काढत नाही, पण कळा कमी करते.

दुसरा मार्ग अस्थिमज्जा बदलण्याचा. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळली तर दहापैकी सुमारे नऊ मुले आजारातून सुटतात, आणि लहान वयात निकाल अधिक चांगला. म्हणून उगाच थांबण्यातही तोटा आहे. मात्र एका भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एकच. शिवाय दोन्ही मार्गांत आधी जबर औषधांनी जुनी मज्जा नष्ट करतात. कित्येक आठवडे इस्पितळ, जंतुसंसर्गाचे भय, आणि पुढे मूलबाळ न होण्याचा धोका. आधी झालेली झीज भरून निघत नाही ती नाहीच.

कोणताही करार करण्यापूर्वी त्याचे प्रत्येक कलम सभासदांना मोठ्याने वाचून दाखवावे, हा आमच्या संघटनेचा शिरस्ता. चांगला विशेष दवाखाना नेमके हेच करतो. शिवाय निर्णय होईपर्यंत तो मुलाला जपतो: बालपणी पेनिसिलिन, लसी, आणि दोन वर्षांपासून दरसाल मेंदूच्या रक्तप्रवाहाची बिनदुखी तपासणी. या तपासणीत धोका दिसलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघात सुमारे नव्वद टक्के टळतात, हे १९९८ साली सिद्ध झाले आहे. खर्चाचे, सवलतीचे कागदही तिथेच कळतात; २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी बापाचे सारे ऐकून घेतले आणि मग मुलाला विचारले, "तुला काय हवं?" घरात, संघटनेत, आम्ही कोणीच हे विचारले नव्हते. तो म्हणाला, "मले शाळा बुडवाची नाही."

बहिणीची मज्जा तपासली, जुळली नाही. जमीन विकली नाही. कॅप्सूल पुन्हा सुरू झाली, वर्षभरात कळांचे झटके पुष्कळ उतरले, आणि दवाखान्यात त्याची वही उघडी आहे. पुढे एखादा उपचार आवाक्यात आला तर त्याचा विचार तिथे होईल. कंत्राटदाराकडे आम्ही भरपगारी रजा मागितली, ती मिळाली नाही. तीन बैठकांनंतर बापाची साप्ताहिक सुटी तेवढी दवाखान्याच्या वारावर आणून दिली.

आपल्यापैकी अनेकांच्या हाताखाली माणसे आहेत. ज्याच्या घरी असे मूल असेल, त्याला दवाखान्याचा वार विचारून घ्या आणि त्या दिवशीचा खाडा लावू नका. २२ लाख डॉलर आपल्यापाशी नाहीत. हे मात्र आपल्याला उद्यापासून करता येईल.