कमलाबाईंनी उघडलेले दार

१९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिली आलेली कमला भागवत (पुढे कमला सोहोनी) बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज करते आणि तो नाकारला जातो. कारण एकच, ती मुलगी आहे. संचालक होते सर सी. व्ही. रामन. वडील आणि काका दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, तरी उपयोग झाला नाही. कमला स्वतः रामन यांच्यासमोर उभी राहिली आणि कारण विचारले. प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष तात्पुरत्या प्रवेशाचे, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतले 'वातावरण बिघडता' कामा नये! हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. विसरण्यासारखा तो नव्हताच.

त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. एका उदाहरणाची ताकद ती ही. 'बायकांना जमेल का?' या प्रश्नावर वाद घालत बसावे लागत नाही, जमवून दाखवलेली बाई समोर असते.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत श्वसनासाठी लागणारे 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन असल्याचे त्यांनी दाखवले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मायदेशी त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र उशिराच मिळाले. म्हणजे आदर्श असून भागत नाही, नेमणूक आणि बढतीचे नियमही न्याय्य हवेत.

शिक्षकांनो, सायटोक्रोम शिकवताना कमला सोहोनी हे नाव वर्गात जरूर घ्या.