जाहिराती रोखा, पण आपल्या माणसांच्या नव्हेत!

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापावी, अशी विनंती ‘केसरी’ला करण्यात आली होती. ‘केसरी’ने पैसे घेऊनही ती छापण्यास नकार दिला. राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली म्हणून पत्र उभे राहिले. तरीही १९२३ मध्ये ते बंद पडले. पुढे ‘बहिष्कृत भारत’लाही १९२९ मध्ये आर्थिक ओढाताणीमुळेच थांबावे लागले. विचार कमी पडला नव्हता, पैसा कमी पडला होता.

हा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. परंतु तीच गोष्ट आज आपल्याच संगणकात घडत आहे, याकडे किती जणांचे लक्ष आहे?

आपले शिकलेले तरुण आज ब्राउझरमध्ये ‘ॲड ब्लॉकर’ बसवतात. त्यात गैर काहीच नाही. इंटरनेटवरील जाहिराती वाचणाऱ्यावर पाळत ठेवतात आणि काही तर सरळ फसवणूक करतात. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना ॲड ब्लॉकर वापरण्याचा सल्ला दिला, तो याच कारणासाठी. तेव्हा ब्लॉकर जरूर ठेवावा.

प्रश्न पुढेच आहे. ब्लॉकरला धनदांडग्यांचे वृत्तपत्र आणि चळवळीचे संकेतस्थळ यांतला फरक कळत नाही. तो दोघांच्याही जाहिराती कापतो. धनदांडग्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. परंतु एखादा कार्यकर्ता पदरमोड करून संकेतस्थळ चालवतो, त्याचे वर्षाचे भाडे त्या चार जाहिरातींतूनच निघत असते. म्हणजे तेव्हा परक्यांनी दार लावले होते, आज आपण नकळत आपल्याच माणसाला बाहेर ठेवत आहोत.

उपाय अगदी सोपा आहे. त्या संकेतस्थळावर जाऊन ब्राउझरच्या वरच्या पट्टीतील ब्लॉकरच्या चिन्हावर क्लिक करावे. ‘यूब्लॉक ओरिजिन’मध्ये मोठे निळे बटण दिसते, ते बंद करून पान पुन्हा उघडावे. ‘ॲडब्लॉक प्लस’मध्येही त्या संकेतस्थळापुरते ब्लॉकिंग बंद करण्याची कळ आहे. बाकी सर्वत्र ब्लॉकर चालूच राहतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘ॲडब्लॉक प्लस’ने २०११ पासून ‘स्वीकारार्ह जाहिराती’ आपोआप आत सोडण्याची व्यवस्था केली आहे आणि त्यासाठी बड्या कंपन्या पैसे मोजतात. कोणाला प्रवेश द्यायचा हे आपल्या वतीने दुसराच ठरवतो! ही सवलत सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. आपली यादी आपणच करावी.

दुसरी गोष्ट, प्रेमापोटी त्या जाहिरातींवर उगाच क्लिक करत बसू नये. जाहिरात देणाऱ्या कंपन्या अशा क्लिकना लबाडी समजतात आणि संकेतस्थळाचे खातेच बंद करतात. मदत करायला जावे आणि नुकसान व्हावे, असा तो प्रकार होतो.

संकेतस्थळ चालविणाऱ्या बांधवांचीही जबाबदारी आहे. वर बुद्ध-फुले-आंबेडकरांचा विचार आणि खाली ज्योतिषाची जाहिरात, हे दृश्य शोभत नाही. गुगलच्या ‘ॲडसेन्स’मध्ये ज्योतिषासारखा जाहिरातींचा वर्गच बंद करता येतो. तो बंद करावा. वाचकाने विश्वासाने दार उघडले, तर त्या विश्वासाला जागले पाहिजे.

अर्थात, जाहिरातीच्या पैशावर चळवळ उभी राहत नाही. ती वर्गणीवरच उभी राहते. ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्गणी द्यावीच. ज्या विद्यार्थ्याला ते शक्य नाही, त्याने निदान एक बटण दाबावे. आपण रोज वाचतो अशी, आपल्या विचारांची पाच संकेतस्थळे आजच निवडा आणि त्यांची वाट मोकळी करा. आपल्या माध्यमांना आपणच जगवले नाही, तर दुसरे कोणी जगवणार नाही, हे १९२० सालीच सिद्ध झाले आहे.

जयभीम!