पिसं झडलेली कोंबडी विकण्याआधी

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापसाची वेचणी जोरात असते. त्याच सुमाराला नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटसारख्या गावात खुराड्यांभोवती पिसांचा खच पडू लागतो. कालपर्यंत तुकतुकीत दिसणारी कोंबडी मानेवर उघडी पडते, शेपटी गळते, तुरा सुकून फिकट होतो आणि अंडी थांबतात. घरात लगेच दोन विचार येतात: हिला रोग लागला, आणि आणखी वाईट दिसण्याआधी हिला बाजार दाखवावा.

रोगाची शंका या जिल्ह्यात कुणी उगाच घेत नाही. देशातली बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ च्या फेब्रुवारीत झाली ती इथल्याच नवापूरला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तो तिथे पुन्हा आला. पण पिसं टाकणारी कोंबडी मलूल असली तरी चरते, पाणी पिते, कुत्रं दिसलं की पळते. तिची पिसं डोकं-मानेपासून सुरू होऊन छाती, पाठ, पंख, शेपटी अशा क्रमाने जातात आणि उघड्या जागी नवे खुंट फुटलेले दिसतात. मान वाकडी होणं, हिरवट हगवण, लुळे पाय ही मानमोडी रोगाची लक्षणं आहेत. तुरा निळसर पडला किंवा एकाएकी दोन-चार पक्षी मेले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठायला हवा. गुदद्वाराजवळ पिसांच्या बुंध्याशी पांढऱ्या लिखांचे पुंजके असतील, तर दोष उवांचा.

बाकी सगळा खेळ उजेडाचा. नंदुरबारला जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात जेमतेम अकरा. दिवस आखडू लागले की कोंबडीचं शरीर अंडी थांबवतं आणि जुना पिसारा बदलायला घेतं. साधारण दीड वर्षाची झाल्यावर ती पहिल्यांदा पुरती पिसं टाकते.

विकायचा विचार मात्र पंख उघडून पाहिल्याशिवाय करू नये. पंखाच्या बाहेरच्या भागात दहा मोठी पिसं असतात. आतल्या टोकाशी असलेल्या एका आखूड पिसापासून ती बाहेरच्या दिशेने गळत जातात, आणि प्रत्येक नवं पीस पुरतं वाढायला साधारण सहा आठवडे लागतात. कमी अंडी देणारी कोंबडी पावसाळ्यातच सुरुवात करते आणि एकेक पीस टाकत महिनोन्‌महिने रेंगाळते. भरपूर अंडी देणारी उशिरापर्यंत देत राहते. मग टाकते तेव्हा तीन-चार पिसं एकदम टाकते आणि दोन-अडीच महिन्यांत मोकळी होते. म्हणजे दिवाळीनंतर अंगणात सर्वांत भेसूर दिसणारी कोंबडी बहुधा घराची सर्वांत कष्टाळू कोंबडी असते. नेमकी तीच विकली जाते आणि तुकतुकीत, आळशी मागे राहते, ही मोठी हानी आहे. ही पारख गिरीराज, वनराजा अशा सुधारित जातींना जास्त लागू पडते. देशी कोंबडी खुडूक बसून पिल्लं काढल्यावरही पिसं टाकते, त्यामुळे तिच्या बाबतीत एवढ्यावर निकाल देऊ नये.

या काळात खरी अडचण खाण्याची असते. पिसात सुमारे ८५ टक्के प्रथिनं, आणि ज्वारी-मक्यात ती जेमतेम ९-१० टक्के. नुसत्या दाण्यांवर पोट भरतं, पीस उगवत नाही. खाद्यातलं प्रथिन १८ ते २० टक्क्यांपर्यंत न्यायला तूरचुनी, भुईमुगाची किंवा तिळाची पेंड, भाजलेलं सोयाबीन हे गावातच मिळतं. सोयाबीन कच्चं देऊ नये, त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. बुरशी लागलेली पेंड तर अजिबात नको, ती यकृतावर जाते. पिसांना गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात. ती तिळाच्या पेंडीत आणि सुकटीत चांगली असतात. सुकट खारट असेल तर धुऊन, भिजवून द्यावी. शेणाच्या ढिगातली वाळवी ही तर फुकटची मेजवानी.

नव्या खुंटात रक्त वाहत असतं आणि तो दुखावला की कोंबडी कळवळते, म्हणून उगाच धरू नये, डालग्यात दाटी करू नये, नवे पक्षी आणून कळपात भांडणं लावू नयेत. रक्त दिसलं की इतर कोंबड्या तिथेच टोचतात. तशी जखमी कोंबडी वेगळी ठेवावी. डोंगरावर तोरणमाळ, डाबकडे दव गोठतं तेव्हा तापीच्या खोऱ्यातही रात्री गार होतात, आणि उघड्या अंगाची कोंबडी कुडकुडते. खुराड्यात कोरडा भुसा आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट पुरतं. वरची हवेची फट मात्र मोकळी राहू द्यावी. दिवसा लोळायला राख-मातीचा खड्डा दिला की उवाही आटोक्यात राहतात.

पिसारा भरत आला की तुरा पुन्हा लाल होऊ लागतो. तेव्हापासून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, कारण आता शरीराला पिसांऐवजी कवचाची तयारी करायची असते. नंतरची अंडी संख्येने आधीच्या वर्षापेक्षा थोडी कमी, पण आकाराने मोठी येतात.