अन्ननलिका पोळणे

अतिशय गरम अन्न किंवा पेय गिळल्यामुळे अन्ननलिकेच्या आतील अस्तराला होणाऱ्या इजेस अन्ननलिका पोळणे किंवा अन्ननलिकेची औष्णिक इजा असे म्हणतात. अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी, प्रौढांमध्ये सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी आहे. कॉस्टिक सोडा किंवा आम्ल पोटात गेल्याने होणाऱ्या इजेच्या तुलनेत ही इजा बहुधा वरवरची असते.

== कारणे ==
गरम द्रव अन्ननलिकेतून झटकन पुढे सरकतो. घन घास मात्र उष्णता धरून ठेवतो आणि सावकाश उतरतो. दादर, परळ, लालबाग, गिरगाव या भागांत कढईतून काढलेला बटाटेवडा लगेच पावात घालून दिला जातो. त्याचे बेसनाचे आवरण लवकर निवते, आतील बटाट्याची भाजी मात्र वाफाळतीच राहते. बोटांना वडा सोसवतो, म्हणून मोठा घास घेतला जातो. जीभ पोळताच घास थुंकून टाकणे हा खरा उपाय. परंतु चारचौघांत संकोच वाटून तो गिळला जातो आणि जिभेवरचा चटका अन्ननलिकेत उतरतो. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेले अन्नही असेच फसवे असते, कारण ते सर्वत्र सारखे तापत नाही. चहा बशीत ओतून पिण्याची जुनी पद्धत या दृष्टीने उपयुक्त आहे: पसरट बशीत तो लवकर निवतो.

== लक्षणे व निदान ==
छातीच्या मधोमध जळजळ व वेदना, तसेच गिळताना दुखणे ही प्रमुख लक्षणे होत. हृदयविकाराच्या झटक्यातही अशीच वेदना होऊ शकते. त्यामुळे घाम, धाप किंवा हाताकडे अथवा जबड्याकडे जाणारी कळ असल्यास 'गरम खाल्ले म्हणून दुखते' असे गृहीत न धरता तातडीने रुग्णालयात जावे. एंडोस्कोपीत काही रुग्णांच्या अन्ननलिकेत गुलाबी व पांढरे पट्टे आलटूनपालटून दिसतात.

== उपचार ==
थंड, मऊ आहार आणि आम्ल कमी करणारी औषधे यांनी अस्तर सहसा काही दिवसांत ते काही आठवड्यांत भरून येते. अन्ननलिका अरुंद होणे किंवा तिला छिद्र पडणे क्वचितच घडते.

== कर्करोगाशी संबंध ==
एकदा पोळणे आणि वर्षानुवर्षे कढत पेये पिणे यांत फरक केला जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक गरम पेयांचा समावेश 'मानवात बहुधा कर्करोगकारक' या गटात केला. हा दोष चहाचा नसून त्याच्या तापमानाचा आहे. तंबाखू व मद्य ही अन्ननलिकेच्या कर्करोगाची सिद्ध कारणे आहेत. परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या कर्करोगावर उपचार केले जातात.