फोकस पुढे, अंधार मागे

थंडी पडली की सिंदफणेच्या आणि गोदावरीच्या काठचा ऊस तुटायला लागतो. माजलगाव, गेवराईकडच्या फडात दिवसभर मोळ्या बांधून ट्रॉली भरेपर्यंत बरेचदा अंधार पडतो. काळ्या रानात रुतलेलं चाक, समोर बांधाचा चढ, आजूबाजूला पाचटाचे ढीग. ट्रॅक्टरच्या मूळ दिव्यांत हे सगळं नीट दिसत नाही. म्हणून नवा ट्रॅक्टर दारात आला की आधी टेप बसवायचा की फोकस, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

फोकस घेताना वॅट विचारले जातात, काच पाहिली जाते. वायर मात्र दुकानात जी सापडेल ती. उजेड किती पडणार, हे बरंचसं त्या वायरीवरच ठरतं.

हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतात. घरात ११० वॅटला अर्धा अँपिअरही लागत नाही, कारण तिथे दाब २३० व्होल्टचा असतो. दाब कमी तर प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त तर वायर जाड हवी. बॅटरीपासून बटणापर्यंत आणि बटणापासून दिव्यापर्यंत पाऊण चौरस मिलिमीटरची ६ मीटर वायर ओढली, तर तिचा रोध जेमतेम ०.१६ ओहम भरतो. पण ९ अँपिअरला तेवढ्यात जवळपास दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४ व्होल्टांतला हा दहावा हिस्सा झाला. उजेडही दहा टक्क्यांनीच घटला असता तर कुणी तक्रार केली नसती. पण तापलेल्या तारेचा उजेड दाबाच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. दाब दहा टक्के उतरला की उजेड तीस टक्क्यांनी उतरतो. मालक मग जास्त वॅटचा दिवा आणतो, प्रवाह आणखी वाढतो, वायर आणखी तापते. तिथेच अडीच चौरस मिलिमीटरची वायर असती, तर वाटेतली गळती अर्ध्या व्होल्टाच्या आत राहिली असती.

दुसरा घोळ बटणाचा. डॅशबोर्डवरच्या छोट्या बटणातून ९ अँपिअर खेळवले की आतले संपर्कबिंदू काळे पडतात, प्लास्टिक वितळतं. यावर तोड म्हणजे रिले. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ही युक्ती वापरली होती. पुढे तारायंत्राचा संदेश लांबवर नेण्यात तिचा मोठा वाटा राहिला. बटणातून फक्त ०.१५ ते ०.२ अँपिअर रिलेच्या गुंडाळीत जातो, गुंडाळीचं चुंबक होतं, ते लोखंडी पट्टी ओढतं आणि दिव्यांचा जड प्रवाह वेगळ्या, आखूड वाटेने सुरू होतो. ‘टक्’ असा आवाज येतो तो त्या पट्टीचा. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ८५ आणि ८६ गुंडाळीचे, ३० बॅटरीचा, ८७ दिव्यांचा. एवढे चार आकडे पाठ असले तर निम्मं वायरिंग आलं म्हणायचं.

फ्यूज दिव्याला वाचवतो, असा एक समज आहे. तो वाचवतो वायरीला, म्हणून त्याची जागा बॅटरीजवळ. दोन हॅलोजनांना १५ अँपिअरचा निळा फ्यूज पुरतो. तो उडाला की सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळायचा, हा उपाय गावोगाव चालतो आणि तोच सगळ्यात धोक्याचा. १२ व्होल्टचा झटका लागत नाही म्हणून या विजेला कुणी भीत नाही. पण स्टार्टर फिरवायला शेकडो अँपिअर देणारी बॅटरी घासलेल्या वायरीतूनही तेवढाच प्रवाह सोडू शकते. आणि बॉनेटखाली वाळलं पाचट अडकलेलं असतं.

एलईडीने हे ओझं खूप हलकं केलं. पांढरा उजेड देणारी एलईडी शक्य झाली ती निळ्या एलईडीमुळे. तिच्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. जो उजेड हॅलोजन ५५ वॅटमध्ये देतो, तो चांगली एलईडी १५ वॅटच्या आसपास देते. प्रवाह लागतो सव्वा अँपिअर. गंमत अशी, की वाचलेल्या प्रवाहात समाधान मानण्याऐवजी माणूस टपावर आणखी चार पट्ट्या चढवतो.

हे झालं पुढचं. आता मागे जाऊन पाहा.

ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्याचा बल्ब फक्त ५ वॅटचा. दोन बल्बांना मिळून एक अँपिअरही लागत नाही, तरी बंद असतात ते हेच. दोष बहुधा बल्बचा नसतोच. प्रवाहाला परतीची वाटही लागते, आणि ट्रॅक्टरवर ती वाट म्हणजे लोखंडी सांगाडा, ज्याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. ट्रॉलीची अर्थ हुकावर सोडली जाते. हूक गंजलेला, मातीने माखलेला, खड्ड्यागणिक उडणारा. दिवाही तसाच उघडझाप करतो. कधी तर ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणतो, कारण परतीची वाट न मिळालेला प्रवाह शेजारच्या बल्बातून रस्ता काढतो. सात पिनांच्या सॉकेटमध्ये एक पिन अर्थसाठीच राखलेली असते. तिची पांढरी वायर मागच्या दिव्यापर्यंत नेली की हा खेळ थांबतो. डबल ट्रॉली असेल तर दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत.

रिफ्लेक्टरला वायर लागत नाही, हा त्याचा मोठेपणा. पण तो दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. धारूरच्या घाटातल्या वळणावर मागच्या गाडीचा झोत दरीकडे गेलेला असतो, तेव्हा रिफ्लेक्टर गप्प बसतो. बाहेर लोंबणाऱ्या उसाने तो झाकला असेल तर सरळ रस्त्यावरही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या गाडीला त्यामुळे नऊ सेकंद मिळतात. दिवा नसेल तर ट्रॉली दिसते ती मागच्या गाडीचा खालचा झोत पोचेल तेव्हा, ४०-५० मीटरवर. हातात उरतात फार तर तीन सेकंद. याच नियमांत गाडीच्या पुढे स्पॉटलाइट लावायलाही परवानगीशिवाय मनाई आहे. रानातला फोकस रानात ठीक. डांबरी लागली की तो बंद करावा, कारण समोरच्याचे डोळे त्याने दिपतात.

गाळप सुरू होण्याआधी एका संध्याकाळी ट्रॉली जोडावी, मागचे दिवे लावावेत, दोनशे पावलं मागे चालत जावं आणि वळून पाहावं. दिवा दिसला नाही, तर नवा बल्ब आणण्याआधी अर्थची वायर तपासावी.